गाठ ‘प्रतिकार’ करते की ‘दाद देत नाही’?

म्हापशाच्या एका नर्सबाईंचा प्रश्न आहे. डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या कॅन्सरचं माहितीपत्रक मराठीत करताना ‘इम्युनोथेरपी रेझिस्टन्स’ला, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारं औषध गाठीवर न चालण्याला, त्यांनी ‘रोगप्रतिकार उपचारास प्रतिकार’ असं लिहिलं. ते वाचून एका रुग्णाचा भाऊ म्हणाला, “प्रतिकार वाढलाय ना? मग बरंच झालं की!”

त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? ‘प्रतिकार’ आपण शरीराच्या खात्यावर जमा करून बसलोय. संस्कृतात तर त्याचा एक अर्थ चक्क उपाय, इलाज असा आहे. तोच शब्द गाठीलाही दिला की कोण कोणाशी लढतंय तेच कळेनासं होतं.

मला विचाराल तर सरळ ‘दाद न देणे’ लिहा. फारसीत दाद म्हणजे न्याय. म्हणून कोर्टात दाद मागतात, म्हार्दोळच्या भजनात गवय्याला दाद मिळते, आणि हट्टी ताप औषधाला दाद देत नाही. गाठीचंही तसंच. टी पेशींवर, म्हणजे शरीराच्या लढाऊ पेशींवर, पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, पेम्ब्रोलिझुमॅबसारखं औषध तो लागू देत नाही. पण काही गाठींतल्या पेशी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिनच गमावतात. त्याच्या आधाराने पेशी आपली ओळख बाहेर दाखवते. ती खूण गेली की ब्रेक सुटूनही टी पेशींना पकडायचं कोणाला ते उमगत नाही.

डॉक्टर यात दोन प्रकार करतात, आणि तिथे मराठी व्याकरण फुकटात मदतीला येतं. औषधाचा पहिल्यापासून उपयोगच नसेल तर ‘दाद देत नाही’. आधी गाठ आक्रसली, मग पुन्हा वाढू लागली, तर ‘दाद देईनाशी झाली’. त्या ‘-ईनाशी’त अख्खी केस-हिस्टरी मावते! मथळ्याला नामच हवं असेल तर ‘उपचाररोध’ चालेल. विजेच्या धड्यातला ‘रोध’ शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो.

जाता जाता, पत्रकात ‘बुबुळाचा कॅन्सर’ लिहिलंय ते बदला. हा कॅन्सर बहुधा डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणात, नेत्रश्लेष्मलेत, सुरू होतो. मेलानोमा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर) असेल तर नुसतं ‘डोळ्याचा मेलानोमा’ही नको. डोळ्याच्या आतल्या थरातला मेलानोमा वेगळा, त्याच्यावर ही औषधं बरीच कमी चालतात. ‘डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा’ एवढं लांबलचक लिहायला लागलं तरी लिहा.