उणिवा दिसत असूनही 'डायव्हर्जंट' आवडली, हे चुकीचं आहे का?

अजिबात नाही. मलाही ती आवडते, आणि तिच्यातल्या उणिवाही मला दिसतात.

वेरोनिका रॉथची ही कादंबरी 2011 ची. भविष्यातलं शिकागो, एकेका गुणावरून पाडलेले माणसांचे पाच गट, आणि सोळाव्या वर्षी एक गट निवडायचा तो कायमचा. आता माणूस एकाच गुणावर बेतलेला कसा असेल? शूर माणूस दयाळू नसतो का? एवढं मोठं शहर या नियमावर चालतं हे काही केल्या पटत नाही. प्रेमप्रकरणही जरा लांबलंय.

पण सुरुवात आठवा. आरसा सरकत्या फळीमागे लपवलेला, आई मुलीचे केस कापतेय आणि मुलगी चोरून स्वतःला बघतेय. पुढे तीच मुलगी गच्चीवरून खालच्या काळोख्या खड्ड्यात सगळ्यांच्या आधी उडी मारते. सांगली ते सातारा एसटीत वाचत होते, कराड कधी मागे पडलं कळलंच नाही!

दुसरं कारण घरातलं. माझी भाची यंदा दहावी झाली. सायन्स घ्यायचं की आर्ट्स, यावरून महिनाभर घर पेटलेलं. तिने फॉर्म भरताना पेन तीनदा खाली ठेवलं, मी शेजारीच होते. गट निवडायच्या समारंभात बिट्रिस, म्हणजे सुरुवातीची तीच मुलगी, घाबरते ना, तशीच तीही घाबरली होती, हात थरथरत होता. ती भीती लेखिकेने अगदी नेमकी पकडलीय, आणि माझ्यासाठी ते कथेच्या तर्कापेक्षा जास्त मोलाचं आहे.

पुढचे भाग मात्र बेताच्या अपेक्षेने वाचा.