पोराला काय येतं?

"मॅडम, एवढं करतो त्याच्यासाठी, तरी पोरगा आमच्याशी धड बोलत नाही." नववी-दहावीतल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे हेच घेऊन येतात.

वसईचं एक कुटुंबही असंच आलं होतं. घरात संत डॉन बॉस्को या इटलीतल्या कॅथलिक धर्मगुरूंची तसबीर, आणि मुलगा क्लास बुडवतो म्हणून वडिलांच्या हातात पट्टा. वडिलांना मी त्याच संताची गोष्ट सांगितली. 8 डिसेंबर 1841, इटलीतलं तुरीन शहर. चर्चमध्ये मिस्साआधी, म्हणजे तिथल्या उपासनेआधी, एक अनाथ मुलगा, बार्तोलोमिओ गारेल्ली, कोपऱ्यात उभा होता. मिस्साला मदत करता येत नाही म्हणून तिथल्या सेवकानं त्याला झोडपून हाकललं. डॉन बॉस्कोनं त्याला परत बोलावलं. वाचता येतं? नाही. गाता येतं? नाही. शिट्टी वाजवता येते? तेव्हा तो पोरगा हसला, असं सांगतात. कामधंद्यासाठी शहरात आलेल्या गरीब मुलांसाठी त्यांनी उभं केलेलं काम तिथून सुरू झालं.

"तुमच्या मुलाला काय येतं?" मी विचारलं.

"गणितात नापास. इंग्रजी तर..."

"येतं काय, ते सांगा."

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "वाडीतल्या विहिरीची मोटर बिघडली होती, ती यानंच खोलून चालू केली."

शेजारी बसलेला मुलगा पहिल्यांदाच बोलला. "तेव्हा तुम्ही म्हणालात, अभ्यास सोडून हे धंदे."

मी मध्ये पडले नाही. वडिलांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं, आणि मला वाटतं, आमचं निम्मं काम तिथंच झालं. नातं आधी, शिस्त नंतर, हे मी मानत आले आहे. 1884 मध्ये रोमहून लिहिलेल्या पत्रात डॉन बॉस्को सांगतात की मुलांवर माया असून भागत नाही, ती त्यांना कळलीही पाहिजे. त्यासाठी शिक्षकांनी मुलांबरोबर मैदानात असावं, हा त्यांचा आग्रह होता. घरातही तेच करा. त्याच्या आवडीच्या कामात सोबत बसा, आणि तेवढा वेळ मार्कांचा विषय काढू नका. चूक सांगायची तर एकट्याला सांगा, पाहुण्यांसमोर नाही.

"मग मारायचंच नाही?" हे वडीलही शेवटी विचारतातच. नाही. 1852 मध्ये एका शिकाऊ सुताराच्या करारात डॉन बॉस्कोनं मालकाकडून लिहून घेतलं होतं, की मुलगा चुकला तर फक्त तोंडानं समज द्यायची.