लष्करी उठाव करून सत्ता बळकावणाऱ्यावर एखाद्या प्रादेशिक न्यायालयात खटला चालू शकतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की, एखाद्या सेनाधिकाऱ्याने निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि देशातली न्यायालयंही त्याच्या मुठीत असली, तर त्या खंडातलं सामायिक न्यायालय त्याला आरोपी म्हणून उभं करू शकतं का? आज तरी नाही. कागदावर मात्र तशी सोय झालेली आहे आणि ती फक्त आफ्रिकेने केली आहे. मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते आणि हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय चारच गुन्हे हाताळतं: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. उठावात नागरिकांची कत्तल झाली तर प्रकरण तिथे जाऊ शकतं. पण राष्ट्राध्यक्षाला नजरकैदेत टाकून टीव्हीवर घोषणा केली, एवढ्यावर हेगला काहीच करता येत नाही.

ही उणीव भरून काढायला आफ्रिकन युनियनने २०१४ साली इक्वेटोरियल गिनीतल्या मालाबोत एक प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार, स्वीकारला. आफ्रिकन न्यायालयाला फौजदारी अधिकार देणारा. त्यातल्या १४ गुन्ह्यांपैकी एक म्हणजे घटनाबाह्य सत्तांतर. त्याचं कलम २८ई मूळातून वाचाच, कारण ते फक्त रणगाड्यांपुरतं नाही. बंड आहे, भाडोत्री सैनिकांचा हस्तक्षेप आहे. पण निवडणूक हरल्यावर खुर्ची न सोडणारा सत्ताधारी, लोकशाही सत्तांतराचं तत्त्व मोडणारी घटनादुरुस्ती, एवढंच काय, निवडणुकीला सहा महिने उरले असताना बहुसंख्य राजकीय घटकांच्या संमतीशिवाय निवडणूक कायद्यात केलेला मोठा बदलसुद्धा गुन्हा ठरतो. सत्ता आतून पोखरणाऱ्यालाही बंडखोराच्याच रांगेत बसवलंय, हे मला या कलमाचं सगळ्यात मोठं धाडस वाटतं.

आणि त्याच प्रोटोकॉलने ते धाडस बोथटही करून टाकलं. कलम ४६ए-बिसनुसार पदावरच्या राष्ट्रप्रमुखावर कार्यकाळात खटला चालवता येत नाही. म्हणजे ज्याचा उठाव यशस्वी झाला, तोच सुरक्षित! शिवाय प्रोटोकॉल लागू व्हायला १५ देशांची मंजुरी लागते आणि तो आकडा अजून खूप दूर आहे. ज्यांनी मंजुरी द्यायची त्यांच्यातले काही जण स्वतःच या व्याख्येत बसतात, हे उघड कारण.

गॅबॉनचं उदाहरण घ्या. आफ्रिकन युनियनची २००७ची लोकशाहीविषयक सनद सांगते की उठाव करणाऱ्यांनी त्यानंतरची, लोकशाही परत आणणारी निवडणूक लढवू नये. ऑगस्ट २०२३मध्ये जनरल ओलिगी न्गेमा यांनी सत्ता घेतली आणि एप्रिल २०२५मध्ये तेच निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले. युनियनने गॅबॉनवरचे निर्बंध उठवलेही.

मग हातात काय उरतं? व्यक्तीवर फौजदारी खटला नाही, पण राज्यावर मानवाधिकारांचा दावा. नायजरमध्ये जुलै २०२३मध्ये राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना त्यांच्याच रक्षकांनी कैद केलं. बाझूम, त्यांची पत्नी आणि मुलगा यांच्या वतीने पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या, म्हणजे इकोवासच्या न्यायालयात दावा दाखल झाला. या न्यायालयाकडे सामान्य नागरिक थेट जाऊ शकतो, आधी देशातल्या न्यायालयांच्या पायऱ्या झिजवायची अट नाही. डिसेंबर २०२३मध्ये निकाल आला: कैद बेकायदा आहे, तिघांना सोडा आणि घटनात्मक व्यवस्था परत आणा. त्याच महिन्यात याच न्यायालयाने, उठावानंतर इकोवासने नायजरवर घातलेल्या निर्बंधांविरुद्धचा लष्करी राजवटीचा अर्ज फेटाळला होता, घटनाबाह्य मार्गाने आलेल्या सत्तेला दावा करण्याचा अधिकारच नाही म्हणून. मुलगा पुढच्या महिन्यात सुटला, तोही टोगोच्या मध्यस्थीने. बाझूम यांना मात्र राजवटीने सोडलं नाही आणि जानेवारी २०२५मध्ये माली आणि बुर्किना फासोसोबत नायजर इकोवासमधूनच बाहेर पडला.

गुन्हेगार म्हणून शिक्षा झाल्या आहेत त्या देशातल्याच न्यायालयांत, आणि बहुतेकदा उठाव फसल्यावर किंवा राजवट कोसळल्यावर. सप्टेंबर २०१५मध्ये बुर्किना फासोत जनरल जिल्बेर दियेंदेरे यांचा उठाव आठवडाभरात फसला. २०१९मध्ये तिथल्या लष्करी न्यायालयाने त्यांना २० वर्षं दिली. ग्रीसच्या लष्करशहांनी डिसेंबर १९६९मध्ये युरोप परिषद (मानवाधिकार जपण्यासाठीची युरोपीय देशांची संघटना) सोडली, कारण युरोपीय मानवाधिकार आयोगाने छळाचे पुरावे नोंदवले होते आणि हकालपट्टी समोर दिसत होती. १९७४मध्ये राजवट पडली, १९७५मध्ये अथेन्समध्ये खटला उभा राहिला आणि उठावाचे म्होरके पापादोपुलोस १९९९मध्ये कैदेतच वारले.

म्हणून तुम्ही एखाद्या ताज्या उठावाबद्दल विचारत असाल, तर मालाबोच्या प्रोटोकॉलवर भिस्त ठेवू नका. तो देश कोणत्या प्रादेशिक न्यायालयाच्या कक्षेत आहे आणि तिथे नागरिकाला थेट जाता येतं का, हे आधी पाहा. कैदेतल्या माणसांच्या वतीने दावा लवकर दाखल व्हायला हवा, देशाने सदस्यत्व सोडायच्या आत.