चावी हातात, पण आई खोली सोडत नाही

ह्या वेळची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, जुनं घर सोडायचं की धरून ठेवायचं. सगळी छापणं शक्य नाही म्हणून चार निवडली. वरळीच्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिलीय, कारण तसं पत्र नायगावहून आलंय आणि ना. म. जोशी मार्गावरूनही आलंय, फक्त माणसं वेगळी.

प्रश्न: ताई, आम्ही तीन पिढ्या वरळीच्या बीडीडी चाळीत. आजोबा गिरणीत होते, वडीलही. आता टॉवरमध्ये पाचशे फुटांचा फ्लॅट मिळालाय, चावी आलीय, मुलं तर वेडी झालीयत आनंदाने. पण आई निघायला तयार नाही. तुम्ही जा मी इथेच राहते म्हणते. चाळ पाडणार हे तिला माहितीये तरी. 160 फुटांची खोली, संडास बाहेर, असं काय ठेवलंय तिथे? तिला कसं समजवायचं?
(एक वाचक, वरळी)

उत्तर: दादा, समजवायचं थोडं बाजूला ठेवा आणि आधी एक काम करा. दुपारी जेवणं झाल्यावर आई नेमकी कुठे बसते ते बघा. माझा अंदाज आहे खोलीत नसणार, दाराशी नाहीतर पॅसेजमध्ये असणार. बाहेरच्या लोकांना चाळ म्हटलं की गिरगावातली लाकडी गॅलरी आणि खाली चौक एवढंच डोळ्यासमोर येतं, पण तुमची बीडीडी तशी नाहीये ना. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर मधून एक लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा दहा खोल्या, म्हणजे बिल्डिंगला ऐंशी खोल्या. पॅसेजमध्ये उजेड कमी, पण समोरासमोर दारं आणि दिवसभर उघडी. तांदूळ तिथेच निवडायचे, पोरं तिथेच अभ्यासाला बसायची, लग्नघरचे पाहुणे रात्री तिथेच झोपायचे, कुणी गेलं तरी माणसं जमायची तीही तिथेच. भाडेपावतीवर 160 फूट लिहिलेलं असतं, पण आई राहिली ती अख्ख्या मजल्यावर. आता फ्लॅट 500 फुटांचा आहे हे खरंच आहे, तिने आयुष्यभर न मोजता वापरलेली जागा मात्र कुठल्याच कागदावर आलेली नाही, आणि ती गेली हे तिला कळलंय, तुम्हाला अजून कळायचंय.

ह्या चाळी बांधल्या तेव्हाही मोजमापच आधी झालं होतं. पहिलं महायुद्ध संपलं, मुंबईत कामगारांना राहायला जागा नव्हती, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, त्याचंच बीडीडी. पैशासाठी कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर लावला. बेत होता पन्नास हजार खोल्यांचा, प्रत्यक्षात उभ्या राहिल्या 207 इमारती, त्यातल्या 121 एकट्या वरळीत, बाकी नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी. सुरुवातीला तर कामगार तिथे राहायलाच येईनात, खोल्या रिकाम्या पडून होत्या, आणि सविनय कायदेभंगाच्या काळात सत्याग्रहींना डांबायला सरकारने ह्याच चाळी तुरुंग म्हणून वापरल्या. म्हणजे सिमेंटच्या त्या खोल्यांत माया कुणी बांधून ठेवली नव्हती. ती नंतर आली, कोकणातून घाटावरून आलेल्या माणसांनी आणली, आणि तुमच्या आईचा त्यात वाटा आहे. स्वतः घडवलेली गोष्ट सोडताना माणूस रडणारच.

पण हेही लिहिलंच पाहिजे, चाळीचं सगळं गोड गोड नव्हतं. जांबोरी मैदानावरचे गणपती आणि कबड्डी सगळ्यांना आठवते, 1974 ची वरळीची दंगल आठवायला कुणाला आवडत नाही, पण तीही ह्याच चाळींमध्ये झाली, शेजारी शेजाऱ्यावर दगड घेऊन उभा राहिला. आणि रात्री एकदीड वाजता संडासला जायचं तर बाईला कुणाला तरी उठवून न्यावं लागायचं, आजारपणात, बाळंतपणात, पाळीच्या दिवसांत त्या रांगेत उभं राहणं काय असतं ते तुमच्या आईला विचारा, ती सांगेल. स्वतःच्या घरात स्वतःचा संडास हा तिचा हक्कच आहे आणि तो तिला फार उशिरा मिळतोय. त्यामुळे चाळ किती छान होती असं बोलून तिला अजून हळवं करू नका, नवीन घर किती मोठं म्हणून तिच्या मागेही लागू नका.

मग करायचं काय? सांगते. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या, त्यानंतर तिथे गेलेल्या घरांतून मला जी पत्रं आली त्यात एकच तक्रार परत परत आहे, घर छान आहे पण दुपार जात नाही. फ्लॅट लॉटरीने मिळाले, त्यामुळे समोरची मावशी आता दुसऱ्या विंगला आणि बाजूची काकू एकतिसाव्या मजल्यावर. तर पहिलं काम, आईच्या रोजच्या चारपाच मैत्रिणी कुठल्या विंगला कुठल्या मजल्यावर गेल्या ते शोधा, मोठ्या अक्षरात कागदावर लिहा आणि नवीन घराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. दुसरं, लिफ्ट. चाळीस मजली टॉवरमध्ये लिफ्टची भीती वाटणाऱ्या बायका घरातच अडकतात, कुणाला सांगतही नाहीत. नातवाला सांगा, आठवडाभर रोज आजीला घेऊन खाली-वर कर, बटणं तिलाच दाबू दे. तिसरं, मेन दाराला बाहेरून जाळीचा सेफ्टी डोअर लावा म्हणजे लाकडी दार दिवसभर उघडं ठेवता येईल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टॉवरमध्ये दार बंद ठेवायची सवय पहिल्या महिन्यातच लागते आणि मग सुटत नाही, तुमच्या घराने उघडं ठेवलं तर समोरचेही ठेवतील, तेही चाळीतलेच आहेत ना.

देव्हारा कुठे ठेवायचा ते इंटिरियरवाल्याने ठरवू नये, आईने ठरवावं. भिंतीवरची भांड्यांची मांडणी जुनी दिसते म्हणून भंगारात देऊ नका, नव्या किचनमध्ये एका भिंतीवर बसते, मी बसवून दिलीय लोकांना. आणि सोसायटीची मीटिंग होईल तेव्हा तुम्ही स्वतः उठून बोला, तळमजल्यावर म्हाताऱ्या माणसांना बसायला बाकं हवीत, दुपारी भजनाला एक खोली हवी, गाड्यांचं पार्किंग सगळी जागा खाऊन टाकायच्या आत हे मागा. उशीर झाला की नंतर कुणी देत नाही.

शेवटचं एक. खोली रिकामी करायच्या आधी टेप घेऊन आईबरोबर बसा आणि ती मोजून काढा. कागदावर मोरी, माळा, खाट, शिवणाचं मशीन, आजोबा जिथे झोपायचे ती जागा. आईला बोलू द्या, मुलांना लिहू द्या. परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले, एकीत संसार आणि दुसरीत पुस्तकं, आज लोक त्या खोल्या बघायला जातात. तुमच्या खोलीला बघायला कुणी येणार नाही आणि ती उरणारही नाही, म्हणूनच तुम्ही तिचा नकाशा काढून ठेवायचा.

प्रश्न: गावचं घर (संगमेश्वर तालुका) जांभ्याचं, कौलारू, आजोबांनी बांधलेलं. भाऊ म्हणतो पाडून स्लॅबचं बांधू. वानरं कौलं फोडतात, शाकारणीला माणूस मिळत नाही, वाश्यांना वाळवी लागलीय. मला पाडायला नको वाटतं पण भाऊ म्हणतो वर्षातून आठ दिवस येणाऱ्याने सांगू नये. कोण बरोबर?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: कौलांबद्दल तुमचे भाऊ बरोबर आहेत, स्लॅबबद्दल नाहीत. वानरांचा त्रास काय असतो ते मुंबई-ठाण्यात बसून कळत नाही, एका दुपारी टोळी आली की पन्नास कौलं जातात आणि पाऊस तोंडावर असतो. जो माणूस बारा महिने ते घर झाडतो, सांभाळतो, त्याचं म्हणणं आधी ऐकायला हवं आणि ते तुम्ही त्याला बोलून दाखवा, अर्धं भांडण तिथेच संपेल.

पण स्लॅब कशाला? गावात एक चक्कर मारा आणि स्लॅबची घरं मोजा, मग त्यातल्या किती घरांवर लोखंडी सांगाडा उभा करून वरून पत्रा टाकलाय तेही मोजा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सपाट स्लॅब गळतो, मग त्याच्यावर परत छप्पर घालावं लागतं, खर्च दोनदा. त्यापेक्षा उतरतं छप्परच नीट करा. वाळवीने खाल्लेले वासे-रिपा काढून तिथे लोखंडी पाइपची फ्रेम, तिच्यावर पत्रा आणि पत्र्यावर जुनी मंगलोरी कौलं. वानराने कौल फोडलं तरी पाणी आत येत नाही, कौलं असल्यामुळे पत्रा तापतही नाही. पत्रा एवढा कशाला असं गावात म्हणतील, म्हणू देत. मंगलोरी कौलं हीसुद्धा आपल्याकडची मूळची नव्हेत, मंगळूरला बासेल मिशनने 1865 ला कारखाना काढला त्यानंतर ती किनाऱ्याने वर आली, त्याआधी घरांवर नळे, म्हणजे अर्धगोल गावठी कौलं, असायची. आजोबांनी त्या काळातलं नवीन तेच घेतलं होतं.

भिंतींना हात लावू नका, ह्याबाबत मी हट्टी आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होत जातो, ऐंशी वर्षं उभी असलेली चिऱ्याची भिंत आहे ती. ओल येते म्हणून वरून सिमेंटचा गिलावा मारतात तिथे घोटाळा होतो, चिऱ्यातली ओल बाहेर पडायला वाटच राहत नाही आणि दोनतीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यांसारखा सुटायला लागतो. चुन्याचा गिलावा करा, नाहीतर बाहेरून चिरा उघडाच ठेवा. संडास-बाथरूम मागच्या पडवीला जोडून नवीन बांधा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रात्री अंगण ओलांडायला लागू नये.

आणि खर्चाचं बोलायच्या आधी कागद काढा. ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा हा घरपट्टीसाठी असतो, तो मालकीचा पुरावा धरू नका. घर आजोबांच्या नावावर असेल तर वारस किती आहेत ते लिहून काढा, त्यात आत्या आणि बहिणी पण येतात. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. गणपतीत सगळे जमाल तेव्हा बहिणींनाही बसवून बोला. त्यांना माहेरचं ते एकच दार आहे, आणि त्यांना न विचारता ते पाडलं तर कोर्टात जाईल न जाईल, पण गणपतीला त्या यायच्या बंद होतील.

प्रश्न: पुण्यात पेठेत आमचा वाडा आहे, मागची बाजू पडायला आलीय, भाडेकरू आहेत. बिल्डर मागतोय. वाडा वाचवता येईल का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: फोटो बघितले. खरं लिहिते, पूर्ण वाडा वाचणार नाही. वरच्या मजल्याच्या भिंती मातीच्या कच्च्या विटांच्या आहेत, पाणी आत शिरलंय, माणसं आत राहतायत, जीव आधी. भाडं वर्षानुवर्षं गोठलेलं, मालकाला डागडुजी परवडेना आणि भाडेकरूला सोडून जाणं परवडेना, पेठांमधले किती वाडे असेच गेले. त्याच्या आधी 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठचे गेले ते वेगळेच.

पण करारात लिहून घ्या, दगडी जोतं आणि चौकातले सागवानी खांब तुमचे. नाहीतर पाडकामवाला ते जुन्या लाकडाच्या बाजारात विकतो आणि तुमच्या पणजोबांचा खांब कुठल्यातरी रिसॉर्टमध्ये जाऊन उभा राहतो. नवीन बिल्डिंगच्या प्रवेशात ते खांब बसवता येतात, प्लॅन मंजुरीला जायच्या आधीच आर्किटेक्टला सांगा. भाडेकरूंचे करार तुमच्या कराराबरोबरच रजिस्टर करून घ्या, त्यांना तोंडी शब्दावर ठेवू नका.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते. आईबाबा दोघंही गेले, डोंबिवलीचा फ्लॅट तीन वर्षं बंद. सगळे म्हणतात वीक. कुलूप उघडायची हिंमत होत नाही. काय करू?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: विकायचा निर्णय आत्ता घेऊच नका, त्याची घाई नाही. घाई आहे ती घर उघडायची. तीन पावसाळे बंद घर म्हणजे कपाटात बुरशी, नळाचे वॉशर सुकलेले आणि वाळवी आली असेल तर आधी पुस्तकांना आणि अल्बमना. तुम्ही यायच्या आधी कुणा विश्वासातल्या माणसाला चावी द्या, फक्त खिडक्या उघडू देत आणि पाण्याचा मेन कॉक बघू देत, वस्तूंना हात नको. मग या, एकटीने नका जाऊ, मावशी असेल तर मावशीला घेऊन जा.

दरम्यान सोसायटीला मेल करा, शेअर सर्टिफिकेटवर नाव कुणाचं आणि नॉमिनी कोण ते विचारा. नॉमिनी म्हणजे मालक होत नाही, भावंडं असतील तर त्यांचाही हक्क बघावा लागतो. ठेवायचं ठरलं तर भाड्याने द्या, लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करूनच, आणि एक खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवता येते, करारात तसं लिहायचं. सामान आवरताना स्वयंपाकघरापासून सुरुवात करा, आईच्या साड्या आणि बाबांचे कागद त्या ट्रिपला उघडले नाहीत तरी चालेल.