जुन्या गाडीमागे ट्रेलर लावण्याआधी

भरपूर रनिंग झालेली गाडी ट्रेलर ओढायला घ्यावी का, आणि घेताना काय पाहावं, यावरचे वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : बोट ओढण्यासाठी जुनी गाडी घ्यायची आहे. बोट आणि ट्रेलर मिळून वजन १,८०० किलो. एकाच मॉडेलच्या दोन डिझेल ऑटोमॅटिक गाड्या पाहिल्या. एक २,४०,००० किमी चाललेली, दुसरी १,३०,००० किमी. दुसरीच घ्यावी ना?

उत्तर : एवढ्यावरून ठरवू नका. दोन्ही गाड्यांचे इंजिन-तास, म्हणजे इंजिन आजवर एकूण किती तास चालू होतं ते, काढा. बऱ्याच गाड्यांत ते मीटरच्या मेनूत दिसतात, नाहीतर स्कॅनर लावून वाचता येतात. किलोमीटरला तासांनी भागा. पहिलीचे ३,७०० तास असतील तर सरासरी वेग ताशी ६५ किमी येतो, म्हणजे ती मोठ्या रस्त्यांवर एका लयीत पळालेली आहे. दुसरीचे ५,२०० तास निघाले तर सरासरी फक्त २५ येते. अशी गाडी गर्दीत तरी रांगलेली असते, नाहीतर उभ्या-उभ्या चालू ठेवलेली. इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स यांची झीज तासांवर आणि गार-गरम होण्याच्या फेऱ्यांवर चालते, आणि किलोमीटरचा आकडा त्यातलं काहीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट, मागे ओझं किती लागलं होतं? हिच (गाडीमागे ट्रेलर जोडायचा लोखंडी सांगाडा) काढून टाकलेली असली तरी खुणा राहतात. चासिसवर बोल्टची रिकामी भोकं, मागच्या बंपरखाली कापलेल्या वायरी, ट्रेलरच्या प्लगची जागा, घासून चकचकीत झालेला टो बॉल (ट्रेलर ज्यावर अडकतो तो हिचवरचा गोळा), हे सगळं पाहा. विक्रेता म्हणतो "कधीच ओढलं नाही" आणि खुणा वेगळं सांगतात, तर त्याच्या बाकीच्या शब्दावरही विसंबू नका. उलट, ट्रेलर ओढलेलीच गाडी असेल, पण तिला गिअर ऑइलचा जादा कूलर बसवलेला आहे, ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर आहे आणि ऑइल बदलल्याच्या तारखांसह पावत्या आहेत, तर अशा मालकाची गाडी आम्ही बिनदिक्कत पुढे ठेवू.

प्रश्न : गाडीच्या माहितीपत्रकात "ओढण्याची क्षमता २,५०० किलो" लिहिलं आहे. आमचा कॅरव्हॅन (राहण्याची सोय असलेला ट्रेलर) भरल्यावर बरोबर २,५०० किलो होतो. घरात पाच माणसं. मग चालेल ना?

उत्तर : बहुधा नाही, आणि ही चूक फार जणांकडून होते. माहितीपत्रकातला आकडा जवळपास रिकाम्या गाडीसाठी असतो. दाराच्या चौकटीवरची पट्टी आणि मॅन्युअल वाचा. तिथून तीन आकडे हवेत : गाडीचं भरलेलं कमाल वजन, गाडी व ट्रेलर मिळून कमाल वजन, आणि हिचवर चालणारा कमाल भार.

उदाहरणासाठी, गाडीचं स्वतःचं वजन २,२५० किलो आणि कमाल भरलेलं वजन २,९५० किलो धरा. म्हणजे हातात ७०० किलो. पाच माणसं ३५० किलो, सामान १००, हिचचं लोखंड २५. ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर जो भार टाकतो, तो ट्रेलरच्या वजनाच्या १० टक्के धरला तर २५० किलो. बेरीज ७२५, म्हणजे मर्यादा ओलांडली. आता दोन्ही मिळून मर्यादा ५,००० किलो असेल, तर २,९५० किलोपर्यंत भरलेल्या गाडीमागे ट्रेलर फक्त २,०५० किलोचा चालतो. माहितीपत्रकातले २,५०० इथेच संपले.

हिचवरचा भार कमी करून हिशेब जुळवायचा मोह होतो. तसं करू नका. दांडा हलका झाला की ट्रेलरचं शेपूट डोलायला लागतं आणि वेगात ते आवरत नाही. जड ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के हा सर्वमान्य पट्टा आहे. युरोपीय घडणीचे कॅरव्हॅन त्याहून कमी, साधारण ५ ते ७ टक्क्यांवर चालवतात, पण ते हळू वेगासाठी आणि तशाच रचनेसाठी. तुमच्या हिचच्या प्लेटवर कोरलेला आकडा मात्र कुठेही ओलांडायचा नाही.

हा भार कुठे जातो तेही समजून घ्या. टो बॉल मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे आणि दोन आसांतलं अंतर २.८ मीटर असेल, तर २५० किलोच्या दाबाने पुढच्या चाकांवरचं वजन सुमारे १०७ किलोंनी घटतं आणि मागच्या आसावर ३५७ किलो वाढतात. म्हणून थकलेल्या पाट्यांची (मागच्या आसावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांची) जुनी गाडी मागे बसते, हेडलाइट आकाशाकडे जातात आणि स्टिअरिंग हलकं लागतं.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, गिअरबॉक्सचं ऑइल "आयुष्यभराचं" आहे, कधी बदललेलं नाही. गाडी १,९०,००० किमी. काही जण सांगतात, आता बदललं तर गिअरबॉक्स जाईल. काय करावं?

उत्तर : जुनी गाडी ओढकामाला घेताना इंजिनापेक्षा गिअरबॉक्सवर जास्त वेळ द्या. आमच्या मते सौदा इथेच ठरतो. ऑटोमॅटिकमध्ये उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमधून येते, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातून. ओझं घेऊन चढ चढताना तो लॉक होत नाही (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत), ऑइल घुसळलं जातं आणि तापतं. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस हे सुखाचं तापमान. त्यापुढे दर १० अंशांना ऑइलचं आयुष्य जवळपास अर्धं होतं, असा जुना आणि उपयोगी ठोकताळा आहे. १२० अंशांच्या वर ते जळायला लागतं, सील कडक होतात आणि क्लचच्या चकत्या घसरू लागतात. "आयुष्यभराचं" हा शब्द ट्रेलर लावणाऱ्याने विसरूनच जावा.

आधी परीक्षा घ्या. गाडी पूर्ण गरम असताना ब्रेक दाबून न्यूट्रलमधून डीमध्ये आणि मग रिव्हर्समध्ये टाका. गिअर दोन सेकंदांच्या आत, झटका न देता लागला पाहिजे. मग ६० ते ८० च्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर अगदी थोडा दाबून ठेवा. रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी बारीक थरथर आली तर कन्व्हर्टरचा लॉक घसरतोय. ऑइल कागदावर घेऊन वास घ्या. नुसता गडद रंग घाबरण्यासारखा नाही, करपलेला वास आणि चमकणारे कण मात्र आहेत. ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट आत शिरलं आहे. पाण्याने चकत्यांवरच्या अस्तराचा गोंद सुटतो. असा गिअरबॉक्स वाचत नाही, निघून या.

ऑइल बदलल्याने चांगला गिअरबॉक्स मरत नाही. जो आधीच घसरत होता आणि घासून निघालेल्या कणांच्या आधारावर तगला होता, तो नव्या ऑइलमध्ये उघडा पडतो, एवढंच. म्हणून वरच्या परीक्षेत पास झालेल्या गाडीचं ऑइल खुशाल बदला, पण दाबाने धुऊन काढू नका. खालचा प्लग उघडून निघेल तेवढं काढा, फिल्टर बदला, नेमक्या ग्रेडचं ऑइल भरा. एका वेळी फार तर तिसरा हिस्सा ते अर्धं ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. काहीशे किमी चालवून हेच आणखी दोनदा करा. पातळी निर्मात्याने दिलेल्या तापमानालाच मोजा, गार असताना मोजलेली पातळी फसवते. शेवटी जादा कूलर बसवा, आणि ऑइल आधी रेडिएटरमधून व नंतर त्या कूलरमधून परतेल अशी नळी जोडा.

प्रश्न : पेट्रोल की डिझेल? दोन्ही दोन लाखांच्या पुढे गेलेल्या आहेत.

उत्तर : वर्षातून पाच-सात फेऱ्या आणि हलका ट्रेलर असेल तर साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन जुनेपणी कमी छळतं. फक्त उंचीवर ते दमतं : दर १,००० मीटरला सुमारे १० टक्के ताकद घटते. नेहमी जड ओढायचं तर डिझेल, पण त्यात इंजेक्टर, टर्बो, धूर गाळणारा फिल्टर आणि मॅन्युअल गिअरची असेल तर दुहेरी फ्लायव्हील (क्लचजवळचं, इंजिनाचे झटके शोषणारं जड चाक), हे चारही भाग महागडे आहेत आणि या वयात एकामागून एक खर्चाला उभे राहतात. त्यांची तरतूद हाताशी ठेवूनच डिझेल घ्या.

प्रश्न : गाडी पाहायला जाताना नेमकं काय तपासायचं? मेकॅनिक सोबत असेल, पण वेळ एक दुपारच आहे.

उत्तर : विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड स्टार्टमधला दोष लपवला जात असण्याची शक्यता आहे, पुन्हा या. स्टार्ट करताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा धूर म्हणजे कूलंट. डिझेलला ऑइल भरण्याचं झाकण काढून त्याच जागी उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल, उडून पडलं तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय (सिलिंडरमधला वायू पिस्टनशेजारून खाली निसटतोय), म्हणजे पिस्टन रिंग गेल्या. मेकॅनिककडे गेज असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा.

टर्बोच्या तोंडाची नळी काढून शाफ्ट बोटाने हलवा. आडवी किंचित हालचाल नैसर्गिक आहे. पुढे-मागे जाणवण्याइतकी हालचाल किंवा पात्यांचा घराला स्पर्श म्हणजे टर्बो गेला.

कूलिंगवर वेळ घालवा, कारण एकट्या गाडीला पुरणारा रेडिएटर ट्रेलरसह चढाला पुरत नाही. जाळीत माती आणि किडे अडकलेत का, प्लॅस्टिकच्या टाक्यांच्या शिवणीवर वाळलेल्या कूलंटचे डाग आहेत का, कूलंटच्या पंपाच्या खालच्या बारीक भोकातून ओल येते का ते पाहा. हेड गॅस्केटचा संशय असेल तर रासायनिक चाचणी करा. कूलंटच्या टाकीतली हवा त्यातून ओढल्यावर निळा द्रव पिवळा किंवा हिरवट झाला, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतोय.

मग गाडी रॅम्पवर. चासिस हातोडीने हलकेच ठोका. टणक आवाज हवा, बद्द आवाजाखाली गंज असतो. मागच्याच भागाला ताजा काळा रंग दिलेला असेल तर तिथे विशेष पाहा. हिचच्या बोल्टांची भोकं लांबट झाली आहेत का? पाट्याचं एखादं पान तडकलंय का? डिफरन्शियलचा (आसावरच्या, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा) भरणीचा प्लग उघडून बोट घाला. करड्या रंगाचा मऊ लेप चालतो, टोचणारे तुकडे नाहीत. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या आसाकडे जाणारा दांडा) हाताने पिळून क्रॉसमधली, म्हणजे त्याच्या सांध्यांमधली, ढिलाई बघा. ५० मिमीचा टो बॉल असेल तर कॅलिपरने मोजा. कुठल्याही दिशेला ४९ मिमी किंवा कमी भरला तर बदलायचाच.

स्कॅनर लावल्यावर फॉल्ट कोड नाहीत म्हणून हुरळून जाऊ नका. गाडीच्या अंतर्गत तपासण्या "अपूर्ण" दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. शेवटी पाऊण तास तरी चालवा, त्यात एक लांब चढ हवाच. मॅन्युअल गाडी चौथ्या गिअरमध्ये हळू वेगात नेऊन अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उसळले आणि वेग तसाच राहिला तर क्लच संपला. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना बदलणारी गुणगुण डिफरन्शियलची असते, वळणावर बदलणारी बहुधा चाकाच्या बेअरिंगची.

प्रश्न : सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी बेल्ट आणि पुलींवर चालणाऱ्या) गिअरबॉक्सची, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, १,७०,००० किमी. ५०० किलोचा छोटा ट्रेलर ओढेल?

उत्तर : मॅन्युअलमध्ये त्या मॉडेलला ट्रेलरची परवानगी लिहिलेली असेल तरच. सपाट रस्त्यावर, अधूनमधून. लांब चढ नेहमीचे असतील तर या वयाच्या सीव्हीटीवर ते ओझं टाकू नका. तिचा बेल्ट दाबावर चालतो, आणि तापलेल्या जुन्या ऑइलमध्ये तो पुलीवर घसरून दोन्हींवर चरे पाडतो.

प्रश्न : गाडी घेऊन झाली. पहिल्या फेरीआधी काय बदलावं?

उत्तर : सर्वांत आधी ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं आणि उकळबिंदू घसरतो : डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओल मुरलेल्याची किमान मर्यादा १५५ अंश आहे. ट्रेलर घेऊन लांब उतारावर ब्रेक तापले, ऑइल उकळलं, की पेडल जमिनीला टेकतं. ट्रेलरचे स्वतःचे ब्रेकही पाहून घ्या. ७५० किलोंवरच्या ट्रेलरला ते अनेक देशांत सक्तीचे आहेत. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्याशी ताडून पाहा.

नंतर कूलंट, थर्मोस्टॅट, सगळे होज, डिफरन्शियल ऑइल. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. टायरवरचे चार अंक वाचा : ३५१८ म्हणजे २०१८ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी इतक्या जुन्या टायरवर ट्रेलर लावू नका. टायरचा भार-निर्देशांकही (तो किती वजन पेलतो ते सांगणारा अंक) मागच्या आसाच्या नव्या ओझ्याला पुरतो का ते बघा.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या अर्ध्या वजनाने करा. गिअर ऑइलचं आणि कूलंटचं तापमान स्कॅनरवर समोर ठेवा. चढावर गिअर खाली उतरवा, आरपीएम चढले तरी चालतील. गिअर ऑइल ११० अंशांकडे गेलं तर बाजूला थांबा, न्यूट्रलमध्ये इंजिन थोड्या वाढीव आरपीएमवर चालू ठेवा आणि तापमान ९५ च्या खाली आल्यावरच निघा. इंजिन लगेच बंद केलंत तर ऑइल फिरायचं थांबतं आणि आतली उष्णता तिथेच कोंडते.