पोरीला शेतात करमत नाही

प्रश्न : ताई, मी अंबडला एका कारखान्यात नोकरी करतो, राहतो पाथर्डी फाट्याला. गाव निफाड तालुक्यात. वडील अजून शेती बघतात, दोन एकर द्राक्षबाग आणि थोडा कांदा. मुलगी ४ वर्षांची आहे. दर रविवारी तिला मुद्दाम शेतावर नेतो. गाय दाखवतो, बाग दाखवतो, विहीर दाखवतो. अर्ध्या तासात "बाबा, घरी चला" सुरू होतं आणि मग मोबाईल मागते. मी याच मातीत वाढलो, हिला मात्र त्याचं काहीच वाटत नाही, याचं वाईट वाटतं. त्यात शेततळं, औषधं आणि हल्ली बिबट्या. बायको म्हणते, नेताच कशाला? काय करावं?
– एक बाबा, नाशिक

उत्तर : भाऊ, एवढ्याशा पत्रात 'दाखवतो' तीनदा आलंय. मास्तरीण होते, मोजायची खोड जात नाही.

ही चूक मी तुमच्या आधी करून बसलेय. दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या मुलाला बागेत नेऊन तिथंही शाळाच भरवायची. "हे काय? पान. किती पानं? मोज बरं." तो पाच मिनिटांत हात सोडवून पळायचा, तो थेट पाण्याच्या मोटारीपाशी, आजोबांकडे. माझ्या सासऱ्यांनी त्याला कधी काही शिकवलं नाही. "पाना धर," म्हणायचे. तो अर्धा अर्धा तास पाना धरून उभा राहायचा आणि घरी आल्यावर सांगायचा, आज मी मोटार दुरुस्त केली.

तर तुमच्या मुलीला काम द्या. खोटं नको, पोरांना ते लगेच कळतं.

आत्ता तुमच्याकडे उन्हाळ कांद्याच्या लागणीचे दिवस असतील. रोपं उपटून त्यांच्या जुड्या बांधावर ठेवलेल्या असतात. बाया वाफ्यात ओळीनं बसून लावत लावत सरकतात. हातातली जुडी संपली की कुणीतरी नवी आणून द्यावी लागते. ते कुणीतरी तुमची मुलगी होऊ शकते. गेल्या वर्षी माझा नातू तेव्हा साधारण तिच्याच वयाचा होता. पहिली जुडी दोन्ही हातांत दिवा धरावा तशी धरून निघाला. ओल्या वाफ्यात पाय घातला तो घोट्यापर्यंत रुतला, पाय वर आला पण चप्पल आत राहिली. रडणार, तेवढ्यात टोळीतल्या एका आजीबाई ओरडल्या, "ए मुकादम, जुडी आण की लवकर, हात रिकामा झाला माझा!" रडणं तिथंच गिळलं. दुसरी चप्पल त्यानं स्वतःच काढून फेकली. मग दीड तास त्या माणसाला घर आठवलं नाही. बाया त्याच्याशी गप्पा मारत होत्या, तो त्यांच्यावर हुकूम सोडत होता, आणि मी बांधावर गप्प बसले होते. हे गप्प बसणं फार अवघड असतं, आधीच सांगून ठेवते.

मार्च-एप्रिलमध्ये कांदा काढला की गोल्टी, म्हणजे बारका कांदा, वेगळी करायचं काम असतं, त्यालाही ही मंडळी फार उपयोगी. मोठा कांदा इकडे, बारका तिकडे. यात मोजणं आपोआप येतं, मी ज्याच्यासाठी पानं मोजायला लावत होते ते.

दुसरी गोष्ट म्हणजे खाली बसा. द्राक्षाच्या मांडवाखाली तुम्ही मान वाकवून चालत असाल, तिच्यासाठी ते छप्पर असतं. तुम्हाला घड दिसतात, तिला बुंध्यापाशी ठिबकची नळी दिसते. आमच्याकडे नातवानं त्या नळीखाली फुलपात्र ठेवलं आणि टपटप बघत बसला. ड्रिपर तासाला ४ लिटरचा असेल तर पाव लिटरचं भांडं भरायला पावणेचार मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून बघितलं, पावणेचार मिनिटं तो हललासुद्धा नाही. भरल्यावर ओतलं, पुन्हा ठेवलं. असं सात वेळा. (ते पाणी पिऊ द्यायचं नाही. ठिबकमधून खतं सोडलेली असतात. मी आधी सासरेबुवांच्या थाटात "पिऊन बघ, गोड आहे" म्हणणार होते, मुलानं डोळे वटारले.)

आता बायकोच्या मुद्द्यावर येते. तिचं म्हणणं अजिबात उडवून लावू नका, ती बरोबर बोलतेय. फक्त 'नेऊच नका' हे उत्तर नव्हे.

सगळ्यात जास्त भीती मला बिबट्याची नाही, शेततळ्याची वाटते. तळाला आणि उतारावर अंथरलेला तो प्लास्टिकचा कागद ओला झाला की शेवाळल्यासारखा निसरडा होतो. पोहता येणारा धडधाकट माणूस आत पडला तरी त्या उतारावरून वर चढू शकत नाही. तुमच्या तळ्याला कुंपण आहे का, फाटकाला कडी आहे का, चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडलेत का, हे या रविवारी पोरीला न नेता एकट्यानं जाऊन बघा. नसेल तर आधी ते करा, पत्राचं बाकीचं उत्तर नंतर वाचा. आणि सगळं केल्यावरही तळ्याकडे जायचं ते तिचं मनगट तुमच्या मुठीत असतानाच. बोट धरलं तर सुटतं.

औषधांचं असं आहे की बागेत काय मारलंय हे तुम्हाला माहीत नसतं, वडिलांना माहीत असतं. म्हणून शनिवारी संध्याकाळी फोन करून विचारायचं : आज काय फवारलं, उद्या काय फवारणार? भुरी-डाऊनी या द्राक्षाच्या रोगांच्या दिवसांत एकामागून एक फवारण्या असतात. ज्या प्लॉटमध्ये आज किंवा काल फवारणी झाली तिथं पोरीला नेऊ नका, कांद्याकडे न्या, गोठ्यात न्या. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला औषधाची पेस्ट लावतात त्या दिवसांत तर मूल बागेत नकोच. वेलीवरचा मणी तोडून तोंडात टाकायचा नाही, आजोबा हातात देतील तोच खायचा, आणि तोही धुऊन. हा नियम आजोबांनाही लागू करा, कारण आजोबा लाडात मोडतात.

हे सगळं मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. माझा मुलगा साडेचार वर्षांचा असताना औषधाच्या बाटलीचं टोपण घेऊन त्यात पाणी भरून मातीला पाजत बसला होता. बाटली मीच मोटारीच्या खोलीच्या खिडकीत ठेवली होती, हाताशी असावी म्हणून. त्यानं तोंडाला लावलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी घरातल्या कुणाला जेवण गेलं नाही. तेव्हापासून औषधं कुलपात, आणि लाल त्रिकोण (जहाल विषाची खूण) असलेली बाटली रिकामी झाली तरी घरात कशालाही वापरायची नाही. देव न करो, पण पोटात काही गेलंच तर ओकारी काढायला जाऊ नका. १०८ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा, डॉक्टरला लेबल बघायला लागतं.

ट्रॅक्टरवर मांडीत बसवून फोटो काढायचा मोह होईल. तुमच्या वडिलांनी तुम्हाला बसवलं असेल, माझ्याही घरी बसवलंय. नका बसवू. फवारणीचा ब्लोअर किंवा मशागतीचा रोटर जोडलेला असताना तर पोरीनं आसपासही फिरकायला नको, त्या फिरत्या शाफ्टला ओढणी आणि फ्रॉक कळत नाही.

बिबट्या बहुधा उसात लपतो. तुमच्या शेजारी ऊस असेल तर त्या कडेनं जाऊ नका, पोरीला तिथं एकटी बसू देऊ नका आणि दिवस मावळायच्या आत परत फिरा. खरं तर थंडीत सकाळी नऊ ते साडेअकरा एवढाच वेळ ठेवा. निफाडचा गारठा तुम्हाला मी काय सांगणार. सकाळी लवकर गेलात तर बागेत शेकोट्या पेटवलेल्या असतात, धुरानं पोरीचे डोळे चुरचुरतील आणि तिथूनच "घरी चला" सुरू होईल.

साप म्हणाल, तर पाचटाचा ढीग आणि दगडांच्या रचलेल्या ओळीत हात घालू द्यायचा नाही, एवढं पुरे. पायात बूट.

कपडे मात्र जुने. रविवारी गावाला जायचं म्हणून पांढरे मोजे घालून नेलेली पोरगी चिखलात कशी उतरेल? आणि ते मोजे धुणार कोण, हेही बायकोच्या विरोधामागे असू शकतं. तुम्हीच धुवून बघा.

एक राहिलं. तुम्हाला वाईट वाटतं की हिला मातीचं काही वाटत नाही. तुम्हाला तरी चौथ्या वर्षी माती म्हणून कुठं काही वाटत होतं? आई निंदायला जायची आणि घरी सांभाळायला कुणी नसायचं, म्हणून तुम्ही बांधावर होतात. झोळीतून उतरलात तो ढेकळात. तिला आठवड्यातून अडीच तास मिळतात, त्यातही बाबा हातात मोबाईल घेऊन तिचा व्हिडिओ काढत असेल (पत्रात लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज चुकत नाही), तर तीही मोबाईलच मागणार. तुमचा फोन गाडीत ठेवा.

प्रश्न : आमची शेती नाही, फ्लॅटमध्ये राहतो. ५ वर्षांच्या मुलाला घेऊन कुठं जावं?
– एक आई, कॉलेज रोड

उत्तर : नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथल्या बंधाऱ्याचं पाणी, २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) ठरली ती हीच. डिसेंबर-जानेवारीत जा, सकाळीच. रोहित (फ्लेमिंगो) दिसतीलच असं कबूल करू नका, नाही दिसले तर मुलगा तुम्हाला खोटारडी ठरवेल. दुर्बिणीच्या मागंही लागू नका, एवढ्या लहान पोराच्या डोळ्यांना ती नीट बसत नाही आणि सगळा वेळ भांडणात जातो. काठाशी उथळ पाण्यात शेकाटे असतात, काडीसारख्या लांब लाल पायांचे पक्षी. ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. एकच शेकाट्या निवडा आणि तो उडेपर्यंत बघा. डबा न्या, परत येताना पोरगं गाडीत झोपेल.