सिव्हिलकडे मुलं वळावीत म्हणून

प्रश्न : मी गोव्यातल्या एका महाविद्यालयात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवते. प्रवेशाच्या वेळी जो तो कॉम्प्युटरच मागतो. आमच्याकडे बरीच मुलं नाइलाजाने येतात. बारावीच्या वर्गांत जाऊन माहिती देतो, पत्रकं वाटतो, तरी फरक पडत नाही. काय करावं?
— एक प्राध्यापिका, फोंडा

उत्तर : मॅडम, बारावीपर्यंत घरात सगळं ठरून गेलेलं असतं. नववीतली मुलं गाठा, आणि त्यांना पणजीला पाटोवर घेऊन या. तिथून रायबंदरला जाणारा बांध पोर्तुगीजांनी १७व्या शतकात दलदलीतून घातला. आजही त्यावरून वाहनं धावतात. शेजारी मांडवी. तिच्यावरचा १९७० चा पूल १९८६ च्या पावसाळ्यात कोसळला. मुलांना एवढंच विचारा : हा टिकला, तो का पडला? लगेच उत्तर देऊ नका, त्यांना वाद घालू द्या. मग खाऱ्या हवेबद्दल, काँक्रीटच्या पोटात ताणून घातलेल्या पोलादी केबलींना चढणाऱ्या गंजाबद्दल बोला. साइटवर आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो, या विषयाची गोडी अशाच प्रश्नांतून लागते.

पत्रकातलं 'उज्ज्वल भविष्य' काढून टाका. पालकांना भीती असते ती उन्हातान्हात उभं राहण्याची आणि सुरुवातीच्या पगाराची. दोन्ही खरं आहे, लपवू नका. साइटवर काम करणारी तुमची एखादी माजी विद्यार्थिनी बोलवा. स्लॅब ओतायच्या आदल्या संध्याकाळी सळ्या तपासताना चूक दिसली, तर ती ठेकेदाराला काम थांबवायला कसं लावते, हे तिच्याच तोंडून ऐकू द्या. मुलींच्या आयांवर याचा फार परिणाम होतो.

आणि प्रयोगशाळा उघडा. पाऊस सरला की मुलांकडूनच रेती, खडी, सिमेंट मोजून घ्या, त्यांच्याच हातांनी काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळे, भरा. दुसऱ्या दिवशी साचे सोडवून प्रत्येकावर नाव घाला आणि पाण्यात ठेवा. २८ दिवसांनी मुलांना आईवडिलांसह बोलवा. क्यूब दाबून फोडणाऱ्या यंत्राचा आकडा मुलांनाच मोठ्याने वाचू द्या. एम-२५ चं, म्हणजे चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब पेलणारं, काँक्रीट नीट जमलं असेल, तर हाताएवढा तो ठोकळा ५७ टनांच्या आसपास भार पेलतो. मग कडा सुटतात आणि मध्ये डमरूसारखा गाभा उरतो. ज्याचा क्यूब आधीच फुटेल, त्याला पाणी किती घातलं होतं ते विचारा. त्या मुलाचा फोन नंबर आठवणीने लिहून ठेवा, पुढच्या खेपेला तो नक्की येईल.